हिरवं बटन दाबायच्या आदी

मी शिरगावची, म्हंजे माहेर शिरगाव, किल्ल्याच्या मागं आमची वाडी होती, अजून हाय, भाऊ बगतो, केळी, जाम, थोडी पानवेल, आनि विहिरीवर मोटर. ती मोटर सारखी बिगडायची आनि बाबांना पाना धरायला कोनतरी लागायचं, भाऊ पळून जायचा, मी सापडायची. आता तुमी म्हनाल म्हनून ही मशिनीत गेली, तर तसं काय नाय. दहावी झाल्यावर पालघरला आयटीआयचा फॉर्म भरायला गेली, शिवनकामाचा भरायचा होता, त्याच्या जागा संपल्या होत्या, मशिनिस्टच्या शिल्लक होत्या. इतकंच. लोकं विचारतात, तुमाला आवड होती का, काय सांगू तुमाला, आदी जागा आली, आवड मागावून आली.

लग्न बेटेगावला झालं, बोईसर जवळ, म्हनून कारखान्यात जाता आलं, शिरगावात दिली असती तर मी पन वाडीतच असती. मिस्टर शाळेची गाडी चालवतात, त्यांनी कदी नको म्हटलं नाय, हो पन म्हटलं नाय, जातेस तर जा. जॉबवर्कचा छोटा कारखाना, म्हंजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट आमी बनवून द्यायचे, पंपाचे, औषधवाल्यांच्या मशिनींचे. पयली दोन वर्षं मला पॅकिंगला बसवलं. सर्टिफिकेट मशिनिस्टचं आनि हातात पुठ्ठा. शेठ बोलले, प्रमिलाबेन, मशीनवर बाई कोन ठेवतो, ऑइल हाय, लोखंडाची चिप उडते. शेठ मानूस वाईट नाय, त्यांनी बगितलीच नव्हती मशीनवर बाई, त्यांचा काय दोष.

मंग आमचा प्रोग्राम लिवनारा मानूस वापीला गेला, एका हप्त्यात, नोटीस नाय काय नाय. मशीन उबी. मी पॅकिंगमदे बसून त्याला रोज बगायची, जेवायच्या सुट्टीत मशीनचं पुस्तक वाचायची, इंग्लिश, डिक्शनरी घेऊन, एका पानाला दोन दिवस लागायचे. मी शेठना बोलली, मी लिवते. शेठ हसले, मंग बोलले, लिव, काय होईल, एक ड्रिल तुटेल. नाय तुटलं. त्या दिवसापासून पॅकिंग सुटलं.

प्रोग्राम म्हंजे काय ते तुमाला सांगते, नायतर पुढचं कळनार नाय. मशीनला डोळे नायत. तिला सांगावं लागतं, उजवीकडे इतकं जा, पुढे इतकं जा, खाली इतकं उतर, होल पाड, वर ये, मंग पुढच्या होलवर जा. सगळं आकड्यात. ती विचारत नाय, तुमी जे लिवलं ते करते, मधे हात आला तरी करते. म्हनून नवीन प्रोग्राम आमी आदी हवेत चालवतो, म्हंजे टूल, जे होल पाडतं ते ड्रिल, लोखंडी प्लेटच्या वर, खूप वर ठेवून खाली काय न कापता पूर्ण फिरवून बगायचं, एक हात लाल बटनावर. सगळं बरोबर गेलं की मंग हिरवं बटन. हा आमच्या कारखान्याचा रिवाज, नवीन प्रोग्राम हवेत चालवल्याशिवाय मानूस हिरवं बटन दाबनार नाय. जुन्या प्रोग्रामला गरज नाय, तो रोजचाच.

मी वहीत लिवायची. शाळेच्या वह्या, दोनशे पानी, अजून घरी हायत, बावीस झाल्या. वहीतून मशीनमदे बोटानं टाकायची. मशीनमदे प्रत्येक ओळीपुढे टीप लिवता येते, इथे काय चाललंय ते, पन मी नाय लिवायची. कोन विचारलं तर सांगायची, जुनी मशीन हाय, जागा कमी हाय, टीप लिवली तर मेमरी भरते. ते खरं पन होतं, थोडं. पूरं खरं नव्हतं. खरं हे की माजं लिवलेलं कोनाला समजू नये असं मला वाटायचं. मी हुशारीनं उलटसुलट लिवायची, आकड्यांच्या जागी खुना, त्या खुनांचा अर्थ माज्या वहीत. ज्या बाईला दोन वर्षं पुठ्ठ्यात बसवलं तिला माहीत असतं की परत बसवायला एक दिवस लागतो. समजलं नाय तर काढनार कोन. हे मी आता सांगते, तेव्हा मी स्वतःला पन नाय सांगितलं.

माज्या प्रोग्रामवर मशीन चालवायचा तो रामसेवक. यूपीचा, माज्याच वयाचा, बोईसरला वीस वर्षं झाली असतील, बायकोपोरं इथंच. त्याला आकडे वाचता येत नायत असं नाय, पन प्रोग्राम वाचता येत नव्हता, कसा येनार, मी वाचू दिलाच नाय. पन हात असा की काय सांगू. प्लेट ठोकून बसवली की केसाएवढी हलनार नाय. मी त्याला चिठ्ठीवर चित्र काढून द्यायची, प्लेट इथे, क्लॅम्प इथे. क्लॅम्प म्हंजे लोखंडाची पट्टी, वरून बोल्ट, प्लेटला दाबून धरते. चिठ्ठी एकदा बगितली की त्याला परत लागायची नाय, चार वर्षांपूर्वीची प्लेट आली तरी क्लॅम्प तिथंच. दीदी का प्रोग्राम है, आंख बंद करके चलाओ, असं तो दुसऱ्यांना सांगायचा. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

आता ती प्लेट. आठ होल, चार डाव्या बाजूला, चार उजव्या, मधे क्लॅम्प. माजा जुना प्रोग्राम असा होता की डावीकडचे चार पाडायचे, मंग टूल खूप वर उचलायचं, क्लॅम्पच्या वरून पलीकडे न्यायचं, मंग उजवे चार. दोन होलांच्या मधे टूल बोटाच्या पेराएवढं पन उचलत नाय, कारन वर गेलं की वेळ जातो, पन क्लॅम्प ओलांडताना उचलावंच लागतं, क्लॅम्प उंच असतो. वर्षानुवर्षं ती प्लेट अशीच चालली. मंग एका रविवारी मी घरी मटार सोलत बसली होती, वही समोर, आनि मला दिसलं की होलांचा क्रम बदलला तर टूलचं फिरनं कमी होतंय. शेठ मागं लागले होतेच, प्रमिलाबेन, टाइम कमी करा. मी क्रम बदलला. कागदावर सुंदर दिसत होता. पन नव्या क्रमात टूल तीनदा मधून जात होतं आनि मी वर उचलायची ओळ एकदाच ठेवली. क्लॅम्प माज्या डोक्यातच आला नाय. कागदावर क्लॅम्प नसतो.

सोमवारी जाऊन मशीनमदे टाकला. आनि इथं मी खरी चूक केली ती ऐका, उचलायची ओळ राहिली ती चूक कोनाची पन होते. मी प्रोग्रामचा नंबर जुनाच ठेवला. आत सगळं बदललं आनि वर नंबर तोच. नवीन नंबर दिला असता तर रामसेवकनं हवेत चालवला असता, त्याला दिसलं असतं. जुना नंबर म्हंजे जुना प्रोग्राम, त्यानं नेहमीसारखी प्लेट बांदली, क्लॅम्प नेहमीच्या जागी, हिरवं बटन दाबलं. मी त्याला सांगायला पायजे होतं. मी तेव्हा पलीकडच्या लेथ मशीनवर होती, मला वाटलं, काय सांगायचं, थोडंसंच बदललंय.

आवाज असा आला की सगळ्या मशिनी थांबल्या. टूल क्लॅम्पला धडकलं, ड्रिल तुटलं, मशीनचं दार पूर्ण लागत नव्हतं, त्याचं लॉक बिगडलं होतं कधीचं, त्या फटीतून तुकडा आला आनि रामसेवकच्या भुवईवर. डोळ्याच्या वर, एवढंच अंतर. रक्त आलं, टाके पडले दोन. क्लॅम्प धक्क्यानं सरकून तिरका झाला होता. शेठ आले, त्यांनी तिरका क्लॅम्प बगितला आनि बोलले, रामसेवक, क्लॅम्प कहां लगाया तूने. आनि रामसेवक, कपाळाला कपडा धरून, तिरक्या क्लॅम्पकडे बगत बोलला, शेठ, लगाया तो वहीं था, पता नहीं, शायद इधर हो गया.

मी उबी होती. मला लगेच कळलं, अर्द्या मिनिटात, मी स्क्रीनवर थांबलेली ओळ बगितली आनि कळलं. मी काय बोलली नाय. काय सांगू तुमाला, मी बोलनार होती, तोंड उघडलं पन होतं, आनि मला पॅकिंगचं टेबल दिसलं. संध्याकाळी मी प्रोग्राम परत जुना करून टाकला. कोनाला दिसनार, कोनाला वाचता येत होतं. इतकी वर्षं जे राखलं ते त्या दिवशी कामाला आलं, असं कामाला आलं.

रामसेवकला शेठनी मशीनवरून काढलं. कामावरून नाय, मशीनवरून. बेंचवर बसवलं, कानस घेऊन पार्टच्या कडा घासायला. बारा वर्षं मशीन चालवलेला मानूस कडा घासतोय, भुवईला पट्टी, आनि माज्याशी नेहमीसारखा बोलतोय, दीदी चाय आयी. आठ दिवस. मी घरी भाजीत मीठ दोनदा टाकलं, मिस्टर वरून पानी प्यायले. मला झोप लागत होती, खोटं कशाला सांगू, पन सकाळी उठलं की कारखान्यात जायला पाय निघत नसे.

ह्याच दिवसांत नवीन मशीन यायची होती. जुनीचं वय झालंच होतं. कंपनीकडून डेमोवाले साहेब आले, इस्त्रीचा शर्ट, बॅगेत लॅपटॉप, आनि शेठनी मला बोलावलं, बोलले, प्रमिलाबेन, प्रोग्राम कसा करायचा ते तुमी ठरवा, तुमच्याशिवाय कोनाला कळतंय. तीन प्रकार होते. एक, आपलं हातानं लिवायचं, चालू हाय तसं. दुसरा, कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, सॉफ्टवेअर स्वतः प्रोग्राम बनवून देतं, त्यासाठी शेठ काचेची केबिन बांदनार होते, एसी, खुर्ची, माज्या नावाची. तिसरा, मशीनच्याच स्क्रीनवर प्रश्न येतात, किती होल, किती खोल, कुठून कुठे, उत्तरं भरली की मशीन स्वतः रस्ता बनवते आनि आदी स्क्रीनवर चित्रात चालवून दाखवते. डेमोवाले साहेब बोलले, मॅडम, हा तिसरा ऑपरेटर लोकांसाठी, तुमच्या लेव्हलला सॉफ्टवेअर. लेव्हल हा शब्द मला आवडला, नाय म्हनत नाय.

साहेबांनी डेमोचा स्क्रीन टेबलावर लावला, बेंचच्या बाजूलाच, जागा दुसरी नव्हती. शेठ बोलले, आपलाच एखादा जॉब टाका, ती आठ होलची प्लेट टाका. मी वही उघडली. साहेब विचारत गेले, मी वाचत गेली, पयला होल इथे, दुसरा इथे. मधे कुठे वर उचलायचं मॅडम. मी वहीत होतं ते वाचलं, एकदाच. वहीत रविवारचंच पान होतं. मशीनमदे मी परत जुनं केलं होतं, वहीत करायचं राहिलं होतं. वाचताना माज्या ध्यानात नाय आलं, आकडे वाचायची इतकी सवय. साहेबांनी बटन दाबलं आनि स्क्रीनवर बाजूनं प्लेट दिसली आनि टूल चालायला लागलं, मागं हिरवी रेघ काढत.

रामसेवक कानस हातात धरून मागनं बगत होता. तो एकदम बोलला, दीदी, ये तो नीचे से जा रहा है, बीच में तो क्लॅम्प है. बोट लावून दाखवलं. टूलचा जो रस्ता आकड्यात त्याला बारा वर्षं दिसला नाय तो चित्रात एका नजरेत दिसला. साहेब बोलले, हां, करेक्ट, इथे उचलावं लागेल. रामसेवक अजून स्क्रीनकडेच बगत होता. मंग त्यानं माज्याकडे बगितलं. मंग वहीकडे. हात भुवईकडे गेला, पट्टीला लागला, खाली आला. आनि तो बेंचवर जाऊन बसला, परत कडा घासायला लागला. हळू, नीट, एक कड झाली की दुसरी.

तो बोलनार नव्हता. हे मला तेव्हापन माहीत होतं, आता पन माहीत हाय, तो मेला तरी शेठना बोलला नसता. शेठ आनि साहेब चहा पीत होते. मी बोलली, शेठ, रामसेवकचा क्लॅम्प बरोबर होता. प्रोग्राम मी बदलला होता, नंबर जुना ठेवला, त्याला सांगितलं नाय. क्लॅम्प नंतर सरकला, धक्क्यानं. साहेब मोबाइल बगायला लागले. शेठ बोलले, आठ दिवस झाले, प्रमिलाबेन. मी बोलली, हो, आठ दिवस. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप ठेवला, बेंचकडे बगून बोलले, रामसेवक, कल से मशीन पे. आनि दाराचं लॉक आजच बदला, असं रिपेरिंगच्या मानसाला बोलले. मला काय बोलले नायत, त्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी पन नाय.

दुपारी मी डबा घेऊन रामसेवकच्या शेजारी बसली. बोलली, रामसेवक, गलती मेरी थी, मुझे उसी दिन बोलना था. तो बोलला, हां दीदी. चपाती मोडली. मंग बोलला, मैं तो पालघर जाके आंख दिखाया, नंबर निकलवाने, मुझे लगा अब बराबर दिखता नहीं, डॉक्टर बोला आंख एकदम ठीक है, तो मैं और डर गया, कि आंख ठीक है तो फिर दिमाग में कुछ हुआ क्या. हे त्यानं रागानं नाय सांगितलं, बातमी सांगतात तसं सांगितलं. मला रडू आलं. मी कारखान्यात कदी रडली नव्हती, पॅकिंगला बसवलं तेव्हा पन नाय. तो बोलला, खाना खाओ दीदी.

मंग शेठनी विचारलं, तीन दिवसांनी, कामाचंच, तोंड वाकडं करून, काय ठरवलंत. मी बोलली, तिसरा. स्क्रीनवाला. शेठ बोलले, आनि केबिन. मी बोलली, केबिन नको. फोनवर डेमोवाले साहेब समजावत होते, मॅडम, तुमी चुकताय, उद्या मोल्डची, साच्यांची कामं आली, गोलाईची, तर हे पुरनार नाय. ते बरोबर होते, नाय पुरत, तसलं काम आमी बाहेरून बनवून आनतो. पन आमच्याकडे शंभरातली नव्वद कामं होलची आनि खाचांची, आनि केबिनमदे बसून मी जे बनवनार ते परत माज्याच कॉम्प्युटरमदे बंद, काचेच्या आत, थंडगार. जो मानूस मशीनसमोर उबा राहतो, ज्याच्या भुवईला लागतं, त्याला आदी दिसलं पायजे, टूल कुठून जानार. मला दुसरं कारन नाय. वेळ जास्त लागतो का, लागतो. मी हातानं लिवलं तर प्लेटमागे वेळ वाचेल, आजपन.

आता कसं चाललंय म्हनता, तर चाललंय. रामसेवक सादे जॉब स्वतः भरतो, मला विचारत पन नाय. दुसऱ्या शिफ्टचा मानूस पन भरतो. माजी गरज अर्दी झाली, हे मी जे घाबरत होती तेच झालं, माज्याच हातानं. शेठनी काढलं नाय अजून. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग बगते, अवघड असेल ते मी करते, मधे मधे पॅकिंगला मानूस नसला की तिथं पन उबी राहते, पुठ्ठा घडी करायला हात विसरला नाय. वह्या घरी माळ्यावर हायत, मिस्टर बोलले, रद्दीत देऊ का, मी बोलली, राहू दे.

रामसेवकच्या भुवईत तेवढ्या जागी केस आले नायत, पांढरी रेघ दिसते. रोज दिसते. दसऱ्याला मशिनींना हळदकुंकू लावतो तेव्हा तो आदी मशीनच्या दाराचं लॉक ओढून बगतो, मंग नारळ. देव त्याचे डोळे शाबूत ठेवो, आनि सगळ्यांचे ठेवो, अजून काय मागायचं.

आनि एक, हे पन लिवा. कदी कदी घाईचं काम येतं, मी अजून हातानं लिवते, तेवढ्यापुरतं. टाकून झालं, चित्रात चालवलं, बरोबर दिसलं, तरी मी बटन दाबत नाय. मी हाक मारते, रामसेवक, देख तो. तो हातातलं ठेवून येतो, घाई असली तरी येतो, स्क्रीनला नाक लावून पूर्ण बगतो, पयल्या होलपासून शेवटच्यापर्यंत, एक पन सोडत नाय. तो हां दीदी म्हटला की मंग मी हिरवं बटन दाबते. नाय म्हटला तर नाय दाबत.